नळी, कळ आणि दस्ता

फिलाडेल्फियाजवळच्या व्हॅली फोर्ज इथे १७७७-७८च्या हिवाळ्यात जॉर्ज वॉशिंग्टनच्या सैन्याची छावणी होती. तिथल्या संग्रहालयातून १९७१ साली एक रायफल चोरीला गेली. ख्रिश्चन ओर्टर नावाच्या कारागिराने ती १७७५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ख्रिश्चन्स स्प्रिंग या छोट्या वस्तीत घडवली होती. ओर्टरच्या हातच्या, नाव आणि साल कोरलेल्या रायफली आज अगदी मोजक्या उरल्या आहेत. पुढची जवळपास सत्तेचाळीस वर्षं या रायफलीचा पत्ता नव्हता. २०१८ मध्ये ती एका कोठारातल्या जुन्या सामानातून जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे आली. आधी त्याला ती अलीकडे बनवलेली चांगली नक्कल वाटली. नीट साफ करून, निरखून पाहिल्यावर ही अस्सल ओर्टर आहे हे त्याच्या लक्षात आलं आणि ती पोलिसांमार्फत परत गेली.

जाणकार व्यापाऱ्याला अस्सल वस्तू क्षणभर नक्कल वाटावी, इतक्या तोडीच्या नकला अमेरिकेत आज घडतात, ही गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. घडवणारे कोण, तर बहुतांशी हौशी माणसं. दिवसभर दुसरी नोकरी करून संध्याकाळी घरामागच्या शेडमध्ये कानस हातात घेणारी. अडीचशे वर्षांपूर्वीची चकमकीची रायफल ती पुन्हा घडवतात. या छंदाने एक मोठं काम केलं आहे. जे ज्ञान कागदावर कधी उतरलंच नव्हतं आणि बहुतेक कारागिरांबरोबर संपल्यात जमा होतं, ते या मंडळींनी हाताने शोधून परत मिळवलं. विद्यापीठांनी ते केलं नाही, शस्त्रांच्या कारखान्यांनीही नाही.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन भाषक स्थलांतरित पेनसिल्व्हेनियात आले, त्यांच्यात बंदुका घडवणारे कारागीर होते. मायदेशी ते येगर नावाची शिकारी रायफल करत. तिची नळी अडीच फुटांच्या आसपास, तोंड मोठं, गोळी जड. नव्या देशातली जंगलं अफाट होती आणि शिसं, दारू पाठीवर वाहून न्यावी लागे. हळूहळू नळी लांबत साडेतीन-पावणेचार फुटांवर गेली. तोंड बारीक होत अर्ध्या इंचाच्या आतबाहेर आलं. गोळी लहान झाल्याने तेवढ्याच शिशात जास्त बार निघू लागले. नळी लांब झाल्याने मागची खाच आणि पुढची माशी यांच्यातलं अंतर वाढलं आणि नेम धरणं सोपं झालं. लँकेस्टरचा जेकब डिकर्ट, ख्रिश्चन्स स्प्रिंगचा आंद्रेआस आल्ब्रेख्त आणि त्याच्याच हाताखाली तयार झालेला ओर्टर, मेरीलँडमधल्या एमिट्सबर्गचा जॉन आर्मस्ट्राँग अशी या परंपरेतली मोठी नावं आहेत. लोक तिला पुढे केंटकी रायफल म्हणू लागले, पण तिचा जन्म पेनसिल्व्हेनियातला.

१४ जून १७७५ रोजी अमेरिकी वसाहतींच्या काँग्रेसने सैन्य उभारायचा ठराव केला, तेव्हा पहिल्यांदा मागवल्या त्या पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड आणि व्हर्जिनियातल्या रायफलधाऱ्यांच्या दहा तुकड्या. तरीही युद्ध या रायफलीने जिंकून दिलं, ही समजूत खरी नाही. साध्या मस्केटीने तरबेज शिपाई मिनिटाला तीन बार काढी, रायफलवाल्याला एक बार भरायला जवळपास मिनिट लागे. शिवाय रायफलीला संगीन बसत नसे. दोनशे यार्डांवरचा माणूस टिपायला ती उत्तम, पण संगिनी रोखून धावून येणाऱ्या पलटणीपुढे ती उघडी पडे.

आता कारखान्याकडे वळू. व्हर्जिनियातलं विल्यम्सबर्ग हे अठराव्या शतकातलं राजधानीचं गाव विसाव्या शतकात जुन्या रूपात पुन्हा उभं करण्यात आलं. तिथे लोहार, छापखानेवाले, चांभार त्या काळच्या हत्यारांनीच काम करतात. साठच्या दशकात वॉलेस गस्लर नावाचा तरुण तिथे बंदुका घडवायला आला. सगळी रायफल, म्हणजे नळी, कळ, दस्ता आणि पितळेचं सामान, एकाच माणसाने जुन्या हत्यारांनी कच्च्या मालापासून करून दाखवायची, असं त्याने मनावर घेतलं. या कामावर १९६९ मध्ये ‘गनस्मिथ ऑफ विल्यम्सबर्ग’ हा माहितीपट निघाला. निवेदन प्रसिद्ध वार्ताहर डेव्हिड ब्रिंकली यांचं. जवळपास तासाभराच्या या चित्रपटात लोखंडाच्या पट्टीपासून निशाणावरच्या पहिल्या बारापर्यंतचं काम दिसतं. हाताच्या कामावर मी पाहिलेल्या चित्रपटांत याच्या जवळ जाणारा दुसरा नाही.

नळीपासून सुरुवात होते. घडीव लोखंडाची चारेक बोटं रुंद, लांबलचक पट्टी घेतात. ती तापवून ऐरणीवर आधी पन्हाळीसारखी वळवायची, मग दोन्ही कडा एकमेकींवर येतील अशी मिटवायची. आता आत सळई घालून या कडा कायमच्या जोडायच्या. इथे डाक नाही, जोडणारा दुसरा धातू नाही. लोखंड पांढरंफटक होऊन त्यातून ठिणग्या उडू लागतात त्या क्षणी ते भट्टीतून काढून घणाखाली घ्यायचं, म्हणजे लोखंडाला लोखंड मिळतं. हा क्षण चुकला तर दोन गोष्टी होतात. लोखंड थंड असेल तर जोड वरवरचा राहतो, फार तापलं तर ते जळून जातं. एका तापात दोन-तीन इंचच जुळतात, की पुन्हा भाता, पुन्हा भट्टी. चित्रपटात गस्लर आणि त्याचा घणकरी एक शब्द न बोलता हे करतात. लहान हातोडा जिथे टेकतो तिथे घण पडतो. जोड धरला की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. घणाच्या आवाजावरून आणि हाताला येणाऱ्या उसळीवरून कळतं.

अशी झालेली नळी आतून खडबडीत असते. मग लांब दांड्याच्या टोकाला चौकोनी पात्याची गिरमिटं लावून ती आतून कोरत न्यायची, प्रत्येक वेळी गिरमीट किंचित जाड. मधूनमधून नळी सरळ आहे का ते पाहायचं. त्यासाठी आतून एक बारीक दोरा ताणतात आणि प्रकाशाकडे धरून दोऱ्याची आणि भिंतीची जवळीक पाहतात. वाकडी दिसली तर ऐरणीवर नेमक्या जागी एक हलका ठोका. हा ठोका किती, हे कुठल्याही पुस्तकात सांगता येणार नाही. बाहेरून नळी अष्टकोनी घासतात, आणि तीही सारख्या जाडीची नाही. बुडाशी जाड, मधे बारीक, तोंडाशी पुन्हा किंचित फुगीर. हा उतार इतका हळुवार असतो की पाहणाऱ्याला दिसत नाही. पण बंदूक खांद्याला लावली की तोल कुठे आहे ते लगेच जाणवतं. बाजारातल्या स्वस्त, सरळसोट नळीची रायफल आणि ही, यांतला फरक एकदा हाताला कळला की माणूस पुन्हा सरळ नळीकडे वळत नाही, असं या छंदातले लोक आवर्जून सांगतात.

मग आटे. रायफलीचं सगळं मर्म नळीच्या आतल्या या पिळदार खाचांमध्ये आहे. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि फिरती गोळी वाट सोडत नाही. जुन्या नळ्यांत बहुधा सात खाचा असत आणि चार फुटांच्या आसपास एक वळसा. या खाचा पाडायचं यंत्र सगळं लाकडाचं. एका लांब दंडगोलावर पीळ कोरलेला असतो. तो मागेपुढे ओढला की पिळाप्रमाणे फिरतो आणि पुढच्या काठीला फिरवतो. काठीच्या टोकाला एवढंसं पोलादी दातेरी पातं. एका ओढीत ते केसाहून बारीक चुरा काढतं. पातं चुरा काढेनासं झालं की त्याच्याखाली कागदाचा एक तुकडा सरकवायचा, म्हणजे ते तेवढंच वर येतं. एक खाच पुरी झाली की दंडगोल एक घर फिरवून दुसरी. शेकडो वेळा ओढायचं. अठराव्या शतकातली अचूकता कागदाच्या जाडीने मोजली जात होती, ही गोष्ट मला फार थोर वाटते.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. बरेच जण विचारतात की आजचा हौशी माणूस नळी विकत आणतो, कळ विकत आणतो, मग हाताने घडवलं ते काय? मूळ पेनसिल्व्हेनियातले कारागीरही तेच करत. कळी इंग्लंडहून आणि जर्मनीहून पिंपांत भरून येत, नळ्या पाण्यावर चालणाऱ्या कारखान्यांत होत. डिकर्टसारख्याने प्रत्येक स्क्रू स्वतः घडवला, ही कल्पना नंतरच्या काळाची आहे. गस्लरने सगळंच एका हाताने केलं ते सगळं करता येतं हे दाखवण्यासाठी. त्यामुळे चांगली नळी आणि चांगली कळ आणून बाकी दोनशे तास लाकडावर घालवणारा माणूस मूळ परंपरेच्या अधिक जवळ आहे, असं माझं मत आहे.

कळीबद्दल, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेबद्दल, थोडं सांगायला हवं. घोड्याच्या जबड्यात चामड्यात गुंडाळलेला गारेचा तुकडा आवळलेला असतो. चाप ओढला की घोडा पुढे झेपावतो, गार समोरच्या पोलादी झडपेवर घासते आणि झडप मागे उलटते. तिच्याखालच्या वाटीत रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, असतं. ठिणग्या गारेच्या नसतात. गारेने खरवडून काढलेले पोलादाचे कण हवेत पेट घेतात, त्या ठिणग्या. म्हणून झडपेला पाणी नीट बसलेलं नसेल तर कितीही चांगली गार कुचकामी. रंजक पेटतं, त्याची आग नळीच्या कानातून, म्हणजे बाजूच्या बारीक भोकातून, आत जाते आणि बार उडतो. सगळं डोळ्याचं पातं लवेपर्यंत होतं, पण नेम धरणाऱ्याला तेवढा वेळही पुरेसा मोठा असतो. डोळ्यांसमोर भडका उडत असताना हात स्थिर ठेवायला शिकावं लागतं.

कळीतला सगळ्यात अवघड भाग मुख्य स्प्रिंग. पोलादाची पट्टी दुमडून, लाल करून तेलात बुडवायची, म्हणजे ती काचेसारखी ठिसूळ होते. मग पुन्हा बेताने तापवून तो ठिसूळपणा उतरवायचा. निळसर रंग आला की थांबायचं. सांगायला एवढंच, करायला घेतल्यावर कित्येक स्प्रिंगा मोडतात.

आणि लाकूड. पेनसिल्व्हेनियाच्या रायफलीचा दस्ता मेपलचा. मेपलच्या काही झाडांत धाग्यांना लाटा असतात. पृष्ठभागावर उजेड पडला की त्या आडव्या पट्ट्यांसारख्या चमकतात. या लाटाच कारागिराचा अंत पाहतात, कारण धागा दर बोटभर अंतरावर दिशा बदलतो आणि रंध्याचं पातं धारदार नसेल तर लाकूड सोलून निघतं. फळीत आधी नळीची पन्हाळ कोरायची, अष्टकोनाच्या पाच बाजू लाकडाला टेकतील अशी. धातूला काजळी फासायची, लाकडात दाबायची, उचलायची. जिथे काळं उमटलं तेवढंच पटाशीने काढायचं. पुन्हा काजळी, पुन्हा पटाशी. कळीसाठीही असंच, आणि कळीच्या आतले सगळे लहान भाग ज्या जागी हलतात तेवढीच पोकळी ठेवायची. जास्त लाकूड गेलं तर दस्त्याचा मनगटाएवढा भाग कमकुवत होतो. तो नेमका तिथेच मोडतो. यानंतर येतं बार ठासायच्या गजाचं भोक. नळीखालच्या लाकडात लांब गिरमिटाने ते पाडायचं असतं. वर नळीची पन्हाळ, खाली दस्त्याचा तळ, मधे बोटभरही लाकूड नाही. गिरमीट जरा भटकलं की ते एकीकडून बाहेर येतं आणि महिन्याची मेहनत वाया.

एवढं झाल्यावर दिसतो तो ओंडका. त्यातून बाक काढायचा. दस्त्याची मागची रेष कुठे वळते, किती वळते, यावरून जाणकार सांगतात की ही रायफल कुठल्या काउंटीची. जो किंडिग या संग्राहकाने १९६० मध्ये या रायफलींवर जो जाडजूड ग्रंथ काढला, त्यात लँकेस्टर, यॉर्क, रीडिंग, बेथलेहेम, लीहाय, बेडफर्ड अशी घराणी लावून दाखवली. आपल्याकडे गाण्याची घराणी आहेत तशीच ही. लँकेस्टरची रेष सरळ, लीहायची पाठ फुगून वळणारी, बेडफर्डची काठी सडपातळ. नक्कल करणारा चांगला हौशी आधी एका घराण्याला वाहून घेतो. दोन घराण्यांची सरमिसळ असलेली सुबक रायफलही जाणकाराला खटकते, आणि खटकायलाच हवी.

शेवटी रंग. शोऱ्याच्या तेजाबात लोखंड विरघळवून ते पाणी मेपलवर फासतात. लाकूड मळकट, हिरवट दिसू लागतं. मग जवळून तापलेली लोखंडी पट्टी फिरवली की काही क्षणांत ते तांबूस-तपकिरी होतं आणि लपलेल्या लाटा एकदम वर येतात. वरून जवसाच्या तेलाचे हात.

हे सगळं पुन्हा सुरू कसं झालं? १९२४ मध्ये कॅप्टन जॉन डिलिन यांचं ‘द केंटकी रायफल’ आलं आणि माळ्यांवर पडलेल्या रायफलींना मोल आलं. १९३१ मध्ये ओहायोतल्या पोर्ट्समथला जुन्या, तोंडाने भरायच्या बंदुकांची नेमबाजी झाली. त्यातून १९३३ मध्ये राष्ट्रीय संघटना उभी राहिली. इंडियाना राज्यातलं फ्रेंडशिप हे छोटं गाव आज त्या संघटनेचं घर आहे. टेनेसीतला हॅकर मार्टिन याच्यासारखे मोजके कारागीर विसाव्या शतकातही जुन्या पद्धतीने घडवत होते, पण हाताबोटांवर मोजण्याइतके. १९५४ मध्ये टर्नर कर्कलंड यांनी टेनेसीतच डिक्सी गन वर्क्स सुरू केलं आणि सुटे भाग टपालाने मिळू लागले. मग गस्लर आले, आणि केंटकीतल्या वुडबरी गावचे हर्शेल हाउस व त्यांचे भाऊ. जॉर्जियातल्या डोंगराळ भागातले शाळकरी विद्यार्थी गावच्या म्हाताऱ्यांकडून जुनी कामं टिपून ‘फॉक्सफायर’ नावाने छापत होते. १९७९च्या पाचव्या खंडात त्यांनी चकमकीच्या रायफलींना मोठी जागा दिली. केंटकीतल्या बोलिंग ग्रीनच्या विद्यापीठात भरणाऱ्या शिबिरांमध्ये या थोरांनी हौशींना शेजारी उभं करून शिकवलं. व्यवसायाची गुपितं त्यांनी झाकून ठेवली नाहीत. या छंदाची वाढ याच मोकळेपणामुळे झाली, असं मला वाटतं.

गेल्या काही वर्षांत ओहायोच्या जिम किब्लर यांच्यासारख्यांनी संगणकावर चालणाऱ्या यंत्राने दस्ते इतके अचूक कोरले आहेत की नवखा माणूसही थोड्या दिवसांत चांगली रायफल जुळवतो. जुन्या लोकांतले काही यावर नाराज आहेत. मला ही नाराजी पटत नाही. जुळवलेल्या पहिल्या रायफलीमुळेच पुष्कळ जण दुसरीसाठी फळी विकत घेतात. मात्र फळीपासून केल्याखेरीज दस्त्याची रेष डोळ्यात बसत नाही, हेही तितकंच खरं.

या सुंदर वस्तूचा दुसरा इतिहास सांगितल्याशिवाय लेख पुरा करणं योग्य होणार नाही. ओर्टर आणि आल्ब्रेख्त मोरावियन पंथाचे. शांततावादी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पंथाने मूळनिवासींमध्ये वस्त्या वसवल्या होत्या. ८ मार्च १७८२ रोजी ओहायोतल्या ग्नाडेनहुटन इथे पेनसिल्व्हेनियाच्या नागरी पलटणीने या पंथात आलेल्या ९६ निःशस्त्र मूळनिवासींना ठार मारलं. त्यांत बायका आणि मुलंही होती. पश्चिमेकडे सरकणाऱ्या प्रत्येक वस्तीबरोबर ही लांब रायफल गेली आणि तिथल्या लोकांच्या जमिनी गेल्या. शॉनी आणि डेलावेअर शिकाऱ्यांनाही ती प्रिय होती, ते तिच्यासाठी कातड्यांचे ढीग देत, हेही खरं. दस्त्यातल्या पितळी पेटीवरची नक्षी न्याहाळणाऱ्याने हे दोन्ही माहीत असू द्यावं.

आपल्याकडचा संबंध दूरचा असला तरी खरा आहे. मराठी सैन्यात तोड्याची बंदूक शेवटपर्यंत टिकली, पण महादजी शिंद्यांनी द बॉइन या युरोपीय सेनानीच्या हाताखाली कवायती पलटणी उभारल्या तेव्हा चकमकीच्या बंदुका लागल्या. त्यासाठी सँगस्टर या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली आग्र्याला तोफा-बंदुकांचा कारखाना चालला. ज्या काळात पेनसिल्व्हेनियात मेपलवर पटाशी चालत होती, त्याच काळात इथे शिंद्यांच्या पलटणींसाठी कळी घासल्या जात होत्या. आणि कोकणात ठासणीची बंदूक अजून जिवंत आहे; रानडुक्कर आणि माकडांपासून पीक राखायला शेतकरी तिचा परवाना काढतात.

अमेरिकेच्या १९६८च्या केंद्रीय कायद्याने चकमकीच्या बंदुकांना आणि त्यांच्या नकलांना आधुनिक शस्त्रांच्या व्याख्येतून वगळलं, म्हणून तिथे हा छंद घरी चालतो. आपल्या १९५९च्या शस्त्र कायद्याखाली विनापरवाना बंदूक बनवणं हा गंभीर गुन्हा आहे, आणि वाचकांनी तो उद्योग करू नये. पण बार उडवता न येणारी, कान न पाडलेली नमुन्याची नळी, उघडून दाखवलेली कळ, पटाशीने कोरलेला दस्ता हे काम परवानाधारक शस्त्रकार आणि संग्रहालय मिळून करू शकतात. आपल्या संग्रहालयांना माझी विनंती आहे: काचेच्या कपाटातल्या तोड्याच्या आणि चकमकीच्या बंदुकांशेजारी एक ऐरण, एक भाता आणि रीतसर परवानगी घेतलेला एक लोहार बसवा. आठवड्यातून एक दिवस तरी त्याला लोकांसमोर काम करू द्या, आणि शेजारी उभं राहून शिकणारं एखादं पोर त्याच्या हाताखाली द्या.